धोडप ते कांचना: सातमाळेतला एक दिवस

सातमाळा रांगेच्या सलग भटकंतीत धोडप, कांचना आणि राजधेर हे तीनही किल्ले एकाच दिवसात बसवावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बसवू नयेत. राजधेर दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा आणि हा संपूर्ण दिवस धोडप व कांचनबारी (कांचना किल्ल्याजवळची खिंड) यांनाच द्यावा.

नाशिकहून आग्रा महामार्गाने वडाळीभोई आणि तेथून धोडांबेमार्गे हट्टी गाव गाठता येते. धोडांब्यातील वटेश्वराचे कोरीव मंदिर आदल्या संध्याकाळीच पाहून घ्यावे आणि मुक्काम हट्टीत करावा. पहाटे अंधारातच निघालात, तर सोनारवाडीच्या माचीपर्यंतचा चढ ऊन चढण्यापूर्वी संपतो.

धोडपवर घाई मुळीच करू नये. बालेकिल्ल्याच्या वाटेवरील दरवाजे, फारसी शिलालेख, कातळातील पायऱ्या आणि पाण्याची टाकी पाहत वर गेल्यावर त्या प्रसिद्ध कातळभिंतीसमोर निवांत बसावे. जुन्या लाव्हाच्या थरांना पडलेल्या भेगेत नंतरचा लाव्हा शिरून थिजला. आजूबाजूचा खडक झिजत गेला, आणि हा अधिक चिवट कातळ भिंतीसारखा उभा राहिला. मध्येच पडलेल्या खाचेमुळे ही भिंत दुरूनही ओळखू येते. याच धोडपच्या परिसरात जून 1768 मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांचा पराभव करून त्यांना कैद केले. काका-पुतण्यांच्या त्या झगड्याचा निकाल ज्या मुलुखात लागला, तो वरून सगळा नजरेच्या टप्प्यात येतो.

धोडप उतरून शेजारच्या ईखारा सुळक्याच्या बाजूने कांचनाकडे जाताना मात्र हट्टीतील वाटाड्या सोबत असावा, आणि त्याची बिदागी आधीच मोकळेपणाने ठरवावी. ढोरवाटा अनेक आहेत. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढलेले असते आणि ते वाळले की उतारावर पाय घसरतो. या टप्प्यात पाण्याचा भरवसा धरू नये, धोडपवरून निघतानाच प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी भरून घ्यावे.

आता राजधेर का नको, ते सांगतो. या रांगेच्या उत्तरेला गिरणेचे म्हणजे तापीचे खोरे आहे आणि दक्षिणेला गोदावरीचे. बागलाणातून नाशिक-दिंडोरीच्या सपाटीवर उतरायचे तर यांतल्या एखाद्या बारीतूनच यावे लागे, आणि हे किल्ले त्या बाऱ्यांचे पहारेकरी होत. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत असताना मोगल सरदार दाऊदखान चांदवडच्या बाजूने त्यांच्यावर चालून आला आणि 17 ऑक्टोबरला याच कांचनबारीत लढाई झाली. इखलासखान मोगलांच्या आघाडीला होता. मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगल फौजेला मात दिली आणि सुरतेचा ऐवज सुखरूप स्वराज्यात पोहोचला. गनिमी काव्याच्या छाप्यांपुरतीच मराठ्यांची युद्धशैली मर्यादित होती, असे समजणाऱ्याने ही जागा अवश्य पाहावी. दिवस मावळण्यापूर्वी कांचनाच्या उतारावर पोहोचलात, तरच ऐवज घेऊन जाणाऱ्या सैन्याला येथे थांबून लढणे का भाग पडले असेल, हे जमिनीकडे पाहून समजते. तिसऱ्या किल्ल्याच्या ओढीने खाली मान घालून चालणाऱ्याला ते दिसत नाही. कांचनाचा माथा वेळ आणि उजेड असेल तरच करावा, बारी मात्र चुकवू नये.

मुक्कामासाठी खेलदरीकडे उतरावे. दुसऱ्या दिवशी राजधेरवाडीहून राजधेर आणि इंद्राई हे दोन्ही किल्ले शांतपणे पाहता येतील. इंद्राईच्या कातळकोरीव पायऱ्यांच्या माथ्याशी असलेला फारसी शिलालेख जरूर पाहावा. शहाजहानचा सरदार अलावर्दीखान याने 1636 च्या सुमारास जिंकलेल्या किल्ल्यांची नावे त्यात आहेत, आणि आदल्या दिवशी आपण ज्याच्या कुशीतून चाललात तो कांचनाही त्यांत आहे.