आजोबांच्या २८ इंची सायकलची पाच हजारांत फिक्सी होईल का? फ्रीव्हीलला वेल्डिंग मारलं तर चालेल का?

वेल्डिंग मारलेलं चालणार नाही. (फ्रीव्हील म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र; फिक्सीत ती सोय नसते, चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतं.) तुम्ही बजेट, गिअर, टायर, रंग असं बरंच विचारलंय, पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळं: "आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो, फ्रीव्हील जाम केलं की झाली फिक्सी." हेच वाक्य परभणीत एका दुकानासमोर उभं राहून मी ऐकलंय, आणि तेव्हा माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. तर आता सविस्तर सांगतो.

सायकल भाच्याची. काळी २८ इंची, रॉड ब्रेकची, पुढं ४४ दाती चेनव्हील, मागं १८ दाती फ्रीव्हील. तुमचीही बहुतेक हीच असणार. दुकानदारानं फ्रीव्हीलचं आतलं आणि बाहेरचं कडं तीन ठिकाणी टाके मारून एक केलं. फिक्सीला ब्रेक शोभत नाही म्हणून पुढचा रॉड ब्रेकही उतरवला. दोन दिवस सायकल झकास चालली. तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या पुलाच्या उतारावर पोरानं वेग कमी करायला पायडल मागं दाबलं आणि पायडल मोकळं फिरलं. पुलाखाली मुरमाचा ढीग होता म्हणून कोपरावर भागलं.

चाक उतरवून पाहिलं तर फ्रीव्हील आपल्या जागेवरून ३ मिलिमीटर बाहेर सरकलेलं होतं. फ्रेमच्या कानाला (चाकाचा आस जिथं अडकतो ती खाचेची पट्टी) आतून घासून ताजी चकाकी आली होती. हातानं हिसका दिला आणि फ्रीव्हील बाटलीच्या झाकणासारखं फिरत निघून आलं. हबच्या (चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या) आट्यांत तांबूस भुकटी बसलेली, पहिल्या दोन-तीन आट्यांच्या कडा चेपून गोल झालेल्या. वेल्डिंगचे तिन्ही टाके मात्र जसेच्या तसे. दुकानदारानं ते फ्रीव्हील गल्ल्यावर ठेवलं आणि जमलेल्या लोकांना विचारलं, "सांगा, माझं काम कुठं तुटलं?" लोक म्हणाले, खरंच की, वेल्डिंग तर पक्कं आहे.

अहो, वेल्डिंग पक्कं होतं हे मलाही मान्य आहे. भार वेल्डिंगवर आलाच नाही. फ्रीव्हील हबवर बसतं ते आट्यांनी, आणि ते आटे सरळ असतात, म्हणजे उजवीकडं फिरवलं की आवळणारे. पायडल पुढं मारलं की चेन फ्रीव्हीलला आवळत जाते. म्हणून तर जुनं फ्रीव्हील काढताना ओपनर व्हाइसमध्ये पकडून अख्खं चाक फिरवावं लागतं. आता आतलं-बाहेरचं कडं एक करून पायडल मागं दाबलं, तर तोच जोर उलटा लागतो आणि फ्रीव्हील उघडायला लागतं. इंचाला २४ आटे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १ मिलिमीटर. ३ मिलिमीटर सरकलं होतं, म्हणजे सुमारे तीन फेरे सुटलं होतं. तेवढे फेरे पायडलनं मागचं चाक रोखता येणंच शक्य नव्हतं. शिवाय चेन ३ मिलिमीटर तिरकी. ती उतरून फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मध्ये अडकली असती तर मागचं चाक जागेवर जाम झालं असतं.

"मग हबलाच वेल्ड मारतो," हा त्याचा पुढचा तोडगा. तेही करू नका. हबचं कवच पातळ असतं, ते तापून वाकडं झालं की छर्रे बसतात तो कप गोल राहत नाही. दाते कडक केलेले असतात, आचेनं मऊ पडून लवकर झिजतात. आणि चेनच्या बाजूची एक तार तुटली तरी ती बदलता येत नाही, कारण फ्रीव्हील निघाल्याशिवाय हबच्या त्या भोकातून तार जात नाही. एका तारेपायी चाक भंगारात.

खऱ्या फिक्स हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या पायरीवर सरळ आटे, तिथं दातेरी चक्र बसतं. बाहेरच्या लहान पायरीवर उलटे आटे, तिथं लॉकरिंग, म्हणजे चक्राला अडवून धरणारं कडं. चक्र सुटायला डावीकडं फिरू लागलं की ते लॉकरिंगलाही डावीकडं ओढतं, आणि उलट्या आट्यांमुळं लॉकरिंग आणखी आवळतं. सगळी करामत एवढीच. साध्या हबवर फिक्सचं चक्र चढतं, कारण मोठ्या पायरीचं माप फ्रीव्हीलचंच असतं, पण लॉकरिंगला जागा नसते. काही जण तिथं बीबीचं (बॉटम ब्रॅकेट, फ्रेममध्ये पायडलचा आस फिरतो तो भाग) लॉकरिंग आणि आटे चिकटवायचं औषध वापरतात. त्याचे आटे सरळच, त्यामुळं ते सुटण्याच्याच दिशेचे. दुखणं तेच राहतं.

आता तुमच्या सायकलबद्दल. फ्लिप-फ्लॉप हब घ्या: एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक उलटं लावलं की सायकल बदलली. तालुक्याच्या दुकानात तो मिळत नाही, मागवावा लागतो. अडचण भोकांची. जुन्या सायकलच्या मागच्या रिमला ४० भोकं असतात आणि हे हब ३२ किंवा ३६ भोकांचे. लोक इथं अडकतात आणि नवं महागडं चाक घेतात. पण तुमच्याच सायकलच्या पुढच्या रिमला ३२ भोकं असतात (मोजून खात्री करा) आणि माप तेच, २८ × १½. दुकानातून पुढचीच एक नवी रिम आणा आणि ३२ भोकांच्या हबवर मागचं चाक बांधून घ्या. टायर-ट्यूब जुनेच बसतील, पुढचं चाक जसंच्या तसं राहील. तारा मात्र नव्या लागतील. हबच्या कडेचा व्यास वेगळा, म्हणून लांबी वेगळी. हब आणि रिम दोन्ही हातात आल्यावर मोजा, अंदाजानं तारा आणू नका. तार लांब पडली तर निप्पलमधून वर येऊन ट्यूब फोडते.

हब साधारण १२० मिलिमीटर रुंद असतो, जुन्या फ्रेमच्या कानांत ११० च्या आसपास जागा असते. लोखंडी फ्रेम आहे, फाकवता येते, पण दोन्ही बाजू सारख्याच फाकल्या पाहिजेत. एका कानाला सुतळी बांधा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत ताणून आणा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन्ही आकडे जुळले तर फ्रेम सरळ. नाही जुळले तर ज्या बाजूचं अंतर कमी आहे तीच बाजू थोडी थोडी ओढा. आस १० मिलिमीटरचा असतो. कानाची खाच अरुंद असेल तर कानशीनं घासा, आसाचे आटे घासू नका.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि चक्र आधी हातानं फिरवून बसवा. आवळायला चेनचा पाना लागतो, तो घरी होतो: जुन्या चेनचा हातभर तुकडा एका लोखंडी पट्टीला नट-बोल्टनं जोडा. मग लॉकरिंग डावीकडं फिरवून हुक पान्यानं आवळा. त्यानंतर एखादा चढ जोर लावून चढा, खाली उतरा आणि लॉकरिंग पुन्हा आवळा. चढावर चक्र आणखी आत बसतं आणि लॉकरिंग ढिलं पडतं, म्हणून दुसऱ्यांदा आवळणं टाळू नका.

चेन ½ × ⅛ इंच मापाचीच. जुनी ठेवायची असेल तर २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. १२⅛ भरल्या तर चेन फेका. चेनव्हील आणि मागचं चक्र एका रेषेत हवं. चेनव्हीलला सरळ पट्टी टेकवून मागं पाहा, २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आसावरचे वॉशर इकडून तिकडं करा. चेन मधोमध बोटानं दाबली की अर्धा इंच हलावी. पायडल पूर्ण फिरवत जा, कुठंतरी ती घट्ट होतेच, ढील त्या जागी मोजायची. क्लिपची कडी असेल तर तिचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला.

कॉटर पिनचं (क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, तो आसावर धरून ठेवणारी पिन) पाहा, कारण फिक्सवर त्यांच्यावर दोन्ही दिशांनी मार बसतो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट बाजूनं घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. नट फिरवून पिन ओढायची नसते. क्रँकखाली जाड नळीचा आधार देऊन पिन हातोडीनं बसवायची, मग नट. आणि ओव्हरहॉलिंगला सायकल उघडलीच आहे तर छर्रे सगळे नवे टाका: बीबीला पाव इंची, एका बाजूला ११, मागच्या हबला मोकळे छर्रे असतील तर तेही पाव इंची, एका बाजूला ९. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, डावं पायडलही. हे विसरून पोरं आटे मोडतात.

गिअर. ४४ × १८ ठेवा, काही बदलू नका. एका फेऱ्याला साधारण साडेपाच मीटर, मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २६ किलोमीटर. परभणी-नांदेडच्या सपाटीला हा उत्तम. बीडकडं मांजरसुंब्याचा घाट चढायचा असेल तर मागं २० दाते. मागं १६ लावून शायनिंग मारायची असेल तर दुपारच्या तोंडवाऱ्यात कळेल. आणखी एक हिशेब: ४८ × १६ हे बरोबर ३ पट, म्हणजे मागचं चाक घसरवून थांबलात की दर वेळी टायर एकाच जागी घासतं. ४४ × १८ ला ती जागा नऊ ठिकाणी विभागते. ज्यांना चाक घसरवायचा शौक आहे त्यांनी हे पाहावं. मला विचाराल तर टायर रबराचं असतं, त्याला पैसे पडतात.

आणि पुढचा ब्रेक काढू नका. रिंगणातल्या शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतात, कारण तिथं सगळे एकाच दिशेनं जातात आणि मध्ये म्हैस येत नाही. याच गिअरवर उताराला ताशी ४० चा वेग लागला की पाय मिनिटाला १२० वेळा फिरतात, तेव्हा पायांनी थांबणं होत नाही. रॉड ब्रेक आहे तोच ठेवा. रिमला बाजूनं चिमटणारे क्लिपर ब्रेक लावायच्या फंदात पडू नका, या रिमची कड गोल असते, बाजूनं रबर धरत नाही. नवे रबर टाका, रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा, रॉडचे सांधे आवळा. पावसात क्रोमच्या रिमवर कोणताही ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा वेग आधीच कमी ठेवा.

टायर रुंदच बरे. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे यांना बारीक टायर म्हणजे आयता घास. जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अस्तर म्हणून घाला, वजन वाढतं पण पंक्चरं निम्म्यावर येतात असा माझा अनुभव. काळ्या रानातून जायचं असेल तर मडगार्डमध्ये दोन बोटं जागा ठेवा किंवा पावसाळ्यात मडगार्डच काढा. चिकण मातीनं चाक जाम होतं, आणि फिक्सवर चाक जाम म्हणजे पायही जाम.

पाच हजारांचं म्हणाल तर, नुसती सिंगल स्पीड (एकाच गिअरची, पण फ्रीव्हीलची) हवी असेल तर आहे ती सायकल सिंगल स्पीडच आहे. मडगार्ड-स्टँड-कॅरिअर उतरवा, छर्रे, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर नवे करा, चाकांचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, पैसे उरतील. फिक्स करायची तर हब, रिम, तारा आणि चाक बांधायची मजुरी यातच बहुतेक बजेट जाईल, रंगाला काही राहणार नाही. रंग शेवटी. तेव्हा त्या दुकानदारानं सगळ्यात आधी रंगच मारला होता, चकचकीत भगवा, आणि बीबीतले छर्रे वीस वर्षांचे.

एक राहिलंच. फ्रेमच्या खालच्या नळ्या बीबीला मिळतात तिथला गंज खरवडून पाहा. भेग दिसली तर एवढा सगळा खर्च करू नका, फ्रेम दुसरी पाहा. आणि फिक्सची चेन पुसताना चाक फिरवत फडकं धरायचं नाही. फडकं ओढलं जातं, त्यामागं बोट जातं, आणि फिक्सचं चाक मध्येच सोडत नाही. चाक थांबवा, चार कड्या पुसा, चाक पुढं सरकवा, पुन्हा चार पुसा.