वाचक विचारतात : नेटवर्कच्या अभ्यासात अडलेले आकडे

पदव्युत्तर नेटवर्किंगच्या अभ्यासाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीत नेटवर्कचा भाग आवडतो, गणित मात्र नको वाटते. एम.टेक.ला नेटवर्किंग घेतले तर गणितातून सुटका होईल का?
*– एक विद्यार्थी, म्हापसा*

उत्तर : नाही. उलट ते पुढ्यात येऊन बसेल. गेटच्या संगणकशास्त्राच्या पेपरात १०० पैकी १३ गुणच अभियांत्रिकी गणिताला आहेत (१५ सामान्य कलाचाचणीला, ७२ विषयाला), म्हणून ते टाळून निभावेल असे वाटते. नेटवर्कच्या वरच्या अभ्यासात मात्र रांगांचे गणित लवकरच भेटते.

एक उदाहरण सोडवून बघा. लिंक सेकंदाला १० मेगाबिटची, पॅकेट सरासरी १२५० बाइटचे, म्हणजे १०,००० बिट. एक पॅकेट बाहेर पडायला १ मिलिसेकंद, सेकंदाला जास्तीत जास्त १०००. पॅकेटे पॉसाँ पद्धतीने (एकमेकांवर अवलंबून न राहता, कधीही) येतात आणि त्यांच्या लांब्या घातांकी वाटपाने (लहान पुष्कळ, फार लांब थोडी) आहेत असे धरले, तर थांबणे धरून सरासरी वेळ म्हणजे १ भागिले (१००० वजा दर सेकंदाला येणारी पॅकेटे). ५०० आली तर २ मिलिसेकंद. ९०० ला १०, ९५० ला २०, ९९० ला १००. ९०० वरून ९९० म्हणजे वाहतूक एक दशांशाने वाढली, उशीर दहापट. सकाळच्या घाईत रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावणाऱ्याला हे सूत्राशिवायही ठाऊक असते.

हे सूत्रही खऱ्या नेटवर्कला जरा सौम्यच आहे. बेलकोअर या अमेरिकी दूरध्वनी संशोधन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या आसपास इथरनेटची वाहतूक दीर्घकाळ मोजली, तेव्हा ती झुंडीने येते आणि मोठ्या कालखंडातही सपाट होत नाही असे दिसले. पॉसाँ धरून काढलेला उशीर म्हणून कमी भरतो.

तेव्हा संभाव्यता, पॉसाँ व घातांकी वाटप आणि मार्कोव्ह साखळी (पुढची स्थिती फक्त आताच्या स्थितीवरून ठरते अशी प्रक्रिया) एवढे पक्के करा. वरची रांग पायथनमध्ये ४०-५० ओळींत लिहून पडताळता येते. ९९ टक्के भारावर काही हजार पॅकेटांत उत्तर जुळणार नाही, कारण तिथे रांग स्थिरावायलाच फार वेळ लागतो. निदान दहा लाख पॅकेटे चालवा.

प्रश्न : मिनिनेटमध्ये (एकाच संगणकावर नेटवर्क उभे करणारे सॉफ्टवेअर) एक स्विच आणि दोन होस्ट (जोडलेले संगणक) घेतले. प्रत्येक लिंकला १० मेगाबिट वेग आणि २० मिलिसेकंद डिले दिला. पिंगची (पॅकेट जाऊन उत्तर परत यायची) वेळ २० ऐवजी ८० येते, पहिल्या पिंगला तर १६० च्याही वर. आयपर्फ (भरपूर डेटा पाठवून वेग मोजणारे साधन) चालू केले की पिंग एक सेकंदाच्या पुढे जातो. सेटिंग चुकले का?
*– एम.सी.ए.ची विद्यार्थिनी, ताळगाव*

उत्तर : ८० बरोबर आहे. चूक अपेक्षेत होती. डिले लिंकच्या दोन्ही टोकांना बसतो, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा. पिंग जाताना दोन लिंक ओलांडतो, येताना दोन. चार गुणिले २०. पहिल्या पिंगआधी एआरपीची विचारणा (समोरच्याचा हार्डवेअर पत्ता कोणता?) आणि तिचे उत्तर असा आणखी एक पूर्ण फेरा होतो, त्यामुळे १६०, आणि वर कंट्रोलरने (स्विच चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) स्विचला नियम शिकवायचा वेळ. पहिली नोंद सरासरीतून काढून टाका, आणि का काढली ते अहवालात लिहा.

सेकंदावर गेलेला पिंग हा तुमच्या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा आकडा आहे. तो लपवू नका. रांगेची मर्यादा तुम्ही दिली नसेल, तर डिले लावणारे नेटेम १००० पॅकेटांपर्यंत साठवते. १००० गुणिले १५०० बाइट म्हणजे १ कोटी २० लाख बिट. १० मेगाबिटने ते रिकामे व्हायला १.२ सेकंद. टीसीपीला (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवणाऱ्या नियमावलीला) पॅकेट हरवल्याशिवाय थांबायचे कळत नाही, म्हणून ते रांग भरत राहते आणि बिचारा पिंग शेपटाला उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. घरच्या राउटरवर मोठी फाइल चढवताना व्हिडिओ कॉल अडखळतो तो बहुतेकदा याच कारणाने.

प्रयोग असा मांडा. पाठवणाऱ्या होस्टच्या लिंकला फक्त डिले द्या, ४० मिलिसेकंद, वेगाची मर्यादा नको. घेणाऱ्या होस्टच्या लिंकला फक्त १० मेगाबिटची मर्यादा द्या, डिले नको. फेरा ८० चाच राहतो, पण रांग आता स्विचच्या एकाच तोंडाशी साचते आणि डिलेत अडकलेली पॅकेटे रांगेच्या हिशेबात मिसळत नाहीत. रांगेची मर्यादा वेग गुणिले फेऱ्याची वेळ एवढी ठेवा : १० मेगाबिट गुणिले ०.०८ सेकंद, म्हणजे १ लाख बाइट, सुमारे ६७ पॅकेटे. मग २०, ६७, २०० आणि १००० अशा चार मर्यादांवर प्रत्येकी दहा वेळा चालवा. प्रत्येक वेळ ६० सेकंदांची, पहिले १० सेकंद टाकून द्या.

आणखी एक गफलत बऱ्याच अहवालांत सापडते. सिद्धान्ताच्या प्रकरणात टीसीपी रेनोची (टीसीपीचा वेग ठरवण्याच्या जुन्या पद्धतीची) करवतीसारखी रेघ काढलेली असते, म्हणजे पॅकेट हरवले की खिडकी (पोचपावतीआधी पाठवता येणारा डेटा) निम्मी. लिनक्समध्ये मात्र २००६ पासून क्युबिक ही दुसरी पद्धत डिफॉल्ट आहे आणि ती खिडकी ७० टक्क्यांवर आणते. आलेख जुळत नाही, मग विद्यार्थी आलेखालाच दोष देतो. रेनो शिकवायचे असेल तर कर्नेलच्या सेटिंगमध्ये रेनो निवडून घ्या.

प्रश्न : वायरशार्कमध्ये (पॅकेटे पकडून दाखवणारे साधन) २०-३० हजार बाइटची पॅकेटे दिसतात, पण इथरनेटची मर्यादा १५०० आहे ना? शिवाय माझ्याच लॅपटॉपवरून निघालेल्या पॅकेटांचा चेकसम (चूक ओळखायची बेरीज) चुकीचा दाखवतो.
*– एक वाचक, फोंडा*

उत्तर : दोन्हीचे मूळ एकच. वायरशार्क निघणारे पॅकेट पकडते ते नेटवर्क कार्डाच्या आधी. टीसीपी मोठा तुकडा एकदम कार्डाकडे देते, त्याचे १५०० चे तुकडे करणे आणि चेकसम भरणे ही कामे कार्ड करते. तारेवर सगळे नीटच असते. इथटूलने (कार्डाची सेटिंगे बदलणारी आज्ञा) टीएसओ, जीएसओ, जीआरओ (तुकडे तोडण्या-जोडण्याच्या सोयी) आणि चेकसम ऑफलोड बंद करून पुन्हा पकडा, किंवा स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्यावर) लावून तिसऱ्या संगणकावर पकडा. मोजणी झाली की ती सेटिंगे पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर प्रोसेसरवरचा भार वाढलेलाच राहील.

प्रश्न : एम.टेक.च्या प्रकल्पात मांडवीच्या दोन काठांवरच्या छतांमध्ये ५.८ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक लावली आहे. अंतर २ किलोमीटर, दोन्ही अँटेना ओहोटीच्या पाण्यापासून १५ मीटर उंच. दिवसातून चारेकदा सिग्नल झपकन पडतो आणि काही वेळाने आपोआप सावरतो. वेळ रोज बदलते. सगळे पावसाला दोष देतात, पण मे महिन्यातही असेच होत होते.
*– एक संशोधक विद्यार्थी, पणजी परिसर*

उत्तर : पाऊस निर्दोष आहे. ५.८ गिगाहर्ट्झला धुवाधार सरीतही २ किलोमीटरवर दोनेक डेसिबेलच जातात. तुमची लिंक भरती-ओहोटी मोजते आहे.

अँटेनाकडे दोन लहरी येतात, एक थेट आणि एक पाण्यावरून परावर्तित. वाटांमधला फरक म्हणजे २ गुणिले दोन्ही उंच्या, भागिले अंतर. ओहोटीला २ × १५ × १५ ÷ २००० = २२.५ सेंटिमीटर. पाणी २ मीटर चढले की दोन्ही उंच्या १३ होतात आणि फरक १६.९ सेंटिमीटर उरतो. तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर. म्हणजे फरक ४.३५ तरंगांवरून ३.२७ वर येतो आणि मधे ४ पूर्ण तरंगांची जागा लागते. पाण्यावर आपटताना लहर उलटी होते, म्हणून पूर्ण तरंगाच्या फरकाला दोन्ही लहरी एकमेकींना खातात. प्रत्येक चढाला एकदा आणि प्रत्येक उताराला एकदा, दिवसात दोन चढ आणि दोन उतार. वेळ रोज सरकते कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

मोठी डिश लावून उपयोग नाही. परावर्तित लहर थेट लहरीपासून एक अंशाहूनही कमी खालून येते, एवढा अरुंद झोत या डिशना नसतो. उपाय म्हणजे एका टोकाला त्याच खांबावर दुसरी अँटेना खाली लावणे. दोन्ही अँटेनांमधले अंतर तरंगलांबी × २००० ÷ (४ × समोरची उंची), म्हणजे १.७ मीटर, भरतीला उंची घटते म्हणून २ पर्यंत धरा. वरच्या अँटेनाचा सिग्नल खड्ड्यात असतो तेव्हा खालच्या अँटेनाचा शिखरावर असतो. दोन्हींतला चांगला सिग्नल निवडणारा रेडिओ मात्र लागेल.

परावर्तनाचा बिंदू समान उंचीला बरोबर मधोमध पडतो. तो पाण्यावर न पडता खारफुटीवर पडला तर लहर विखुरते आणि त्रास खूप कमी होतो, तेव्हा जागा बदलणे शक्य असेल तर नकाशावर आधी तो बिंदू काढा. फ्रेनेल क्षेत्राची (थेट रेषेभोवती लहरीला लागणाऱ्या जागेची) मधली त्रिज्या ५.१ मीटर आहे, त्यातले ६० टक्के, म्हणजे ३ मीटर, मोकळे हवेत. वाटेतले माड मोजताना खोड बघू नका, झावळ्यांचे टोक बघा. पावसाळ्यात भिजलेल्या झावळ्या सिग्नल आणखी खातात, आणि पावसाचा दोष जो काही असेल तो तिथे.

सिद्ध करायला दर मिनिटाला सिग्नलची पातळी नोंदवत १५ दिवस राहू द्या, म्हणजे उधाणाची (मोठी) आणि भांगाची (छोटी) अशा दोन्ही भरत्या त्यात येतील. मुरगाव बंदराच्या भरतीचा तक्ता त्याच आलेखाखाली काढा. नदीत आत पाणी बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, तेवढा सरक तुमच्या नोंदींवरूनच ठरवा.