रिसर्च लॅबमध्ये अर्ज करण्याआधी

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठातून एखाद्या कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये जायचं म्हणतेस, तो तुझा मेल वाचला. कंपन्यांची नावं, पदं, पगाराचे अंदाज, सगळं तक्त्यात छान मांडलं आहेस. पण ज्या गटात रोज काम करायचं त्याबद्दल एक ओळही नाही. कंपनीच्या नावावर जाऊ नकोस. एकाच लॅबमध्ये एक गट मनाजोगे पेपर लिहीत असतो आणि शेजारचा गट पुढच्या तिमाहीच्या रिलीजसाठी धावत असतो. दोन्हीकडे पदाचं नाव 'रिसर्च सायंटिस्ट'च.

म्हणून मुलाखतीत तू विचारायचा पहिला प्रश्न: माझ्या कामाची इथे वाट कोण बघतंय? एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा तक्त्यांच्या रूपात मांडायच्या पद्धतीचा, पेपर छापला. आपण तो अजून शिकवतो. पण कंपनीचं आयएमएस हे डेटाबेसचं जुनं उत्पादन जोरात चाललं होतं, नव्याची घाई कुणाला नव्हती. पुढे तिथेच सिस्टिम आर हा प्रकल्प झाला, त्यातून एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आली. तरी १९७९ मध्ये रिलेशनल डेटाबेस विकायला काढला तो ज्या कंपनीला आपण आज ओरॅकल म्हणतो तिने. आयबीएमचं स्वतःचं उत्पादन आलं १९८१ मध्ये. पेपर छापायला मोकळीक होती, कल्पना तर अव्वल होती. तिची ही गत, तर तुझ्या-माझ्या पेपरांची काय कथा!

'पब्लिश करू देतात का?' असं मोघम विचारू नकोस, 'हो' हेच उत्तर मिळेल. गेल्या वर्षी गटाचे कोणते पेपर आले, परवानगी कोण देतं, पेटंटवाल्यांकडे मसुदा किती दिवस अडकतो, ते विचार. आणि मॅनेजरला नव्हे, तिथे दोनेक वर्षं काढलेल्या माणसाला विचार.

आता जॉब टॉक, म्हणजे मुलाखतीत आपल्या कामावर द्यायचं व्याख्यान. विभागात देतेस तसा सहा पेपरांचा आढावा तिथे चालणार नाही. एकच प्रश्न घे, तो कुणाला छळतो हे पहिल्या पाच मिनिटांत सांग. मागच्या रांगेतून कुणीतरी इंजिनिअर हमखास विचारणार, 'डेटा शंभरपट झाला तर?' 'ते फ्यूचर वर्क आहे' एवढ्यावर सुटका नाही. कुठे तुटेल, मेमरी आधी संपेल की नेटवर्क, हे मोजून ठेव. आकडा वाईट असला तरी बिनधास्त सांग. मोजलेलंच नाही, हे जास्त वाईट दिसतं.

कोडिंगची फेरी बहुतेक ठिकाणी असतेच. प्राध्यापकांना ती अपमानास्पद वाटते. वाटू दे, पण सराव कर.

अर्ज पोर्टलवर टाकून वाट बघत बसू नकोस. तुझं काम वापरणारं किंवा तुझ्याकडे शिकून गेलेलं कुणीतरी आत असेल, त्यांना थेट लिही. विद्यापीठांच्या भरतीला ठरलेला मोसम असतो, कंपन्यांच्या भरतीला तो असेलच असं नाही. मंजूर जागा एका बैठकीत गोठते, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस.

ऑफर आली की करारात आधीच्या शोधांची, म्हणजे जे आधीपासून तुझं आहे त्याची, यादी मागतात. लोक ती कोरी सोडतात. तू मात्र तुझी सॉफ्टवेअर, अर्धवट कल्पना, विद्यार्थ्यांबरोबर चाललेली कामं, सगळं लिही आणि सही करण्याआधी वकिलाला दाखव. तसंच, बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनामा देऊ नकोस. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतली आपली रिसर्च लॅब बंद केली, तेव्हा तिथे नावाजलेले लोक होते.

दोन पानी सीव्ही रविवारपर्यंत पाठव. समित्यांची यादी आधीच काढून टाक, आणि तो पगाराचा तक्ता तूर्त बाजूला ठेव.