बाप्तिस्म्यानंतर आनंद गेला असं वाटतंय?

अरे, पहिले दोनतीन महिने मन नुसतं तरंगत असतं आणि मग एका रविवारी चर्चमधे बसलोय, गाणं चालूय आणि आत काहीच हलत नाही, हे जवळपास सगळ्यांचं होतं, माझंही झालेलं. म्हणून विश्वास संपला असं समजू नकोस. बायबलमधलं स्तोत्र ४२ काढ. हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा माझा जीव तुझ्यासाठी लुलपतो, असं स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो (लुलपणे, काय शब्द आहे ना!), म्हणजे तहान लागलीय आणि पाणी समोर नाहीये, तरी प्रार्थना चालूच आहे. पुढे तो स्वतःच्याच जिवाला विचारतो, का रे खिन्न झालास, आणि पुढचं स्तोत्र ४३ धरून हे तीनदा येतं, एकदा विचारून त्याचंही भागलं नाही.

आनंद म्हणजे कायम हसरा चेहरा, हे कोणी शिकवलं असेल तर सोडून दे. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, आनंद करा लिहिलं ते कैदेतून.

कोरड्या दिवसांत आधी केलेले निर्णय बदलायचे नाहीत, हा कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलांचा नियम, आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी मला तो फार उपयोगी पडला. सकाळची प्रार्थनेची दहा मिनिटं सोडू नको, शब्द सुचले नाहीत तर ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हण, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, त्यामुळे देवाची ती ओढ आपल्या तोंडात सहज बसते. आणि रविवारी ये, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल.