मामांच्या कॉम्प्युटर दुकानात पीसी गेमचे डबे विकायला ठेवावेत का, की डिजिटल स्टोअरपुढे त्यांचा निभाव लागणार नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरातल्या राजारामपुरीत आपल्या मामांचे कॉम्प्युटरचे दुकान आहे, कॉलेजची मुले गेमची चौकशी करत येतात, म्हणून पीसी गेमचे नवे डबे मागवून एक कप्पा भरावा, की स्टीमसारख्या डिजिटल स्टोअरमुळे ते भांडवल अडकून पडेल, आणि दुकानात पूर्वीपासून पडून असलेल्या सीलबंद डब्यांचे काय करावे.

मी शाहूपुरीतील एका दुकानात काही वर्षे काउंटर सांभाळला असून आजही पीसी जुळवून देण्याचे व दुरुस्तीचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की नवे डबे मागवू नयेत. मात्र त्यामागचे कारण बहुतेक लोक सांगतात त्याहून वेगळे आहे, आणि ते नीट लक्षात घेतले तर मामांना गेमिंगच्या व्यवसायातून पूर्णपणे अंग काढून घेण्याची गरज नाही हेही कळते.

ऑनलाइन स्वस्त मिळते म्हणून दुकाने बसली, असे सर्रास बोलले जाते. किमतीचा भाग खरा आहे आणि त्याविषयी पुढे लिहितो. परंतु या धंद्याचा कणा त्याच्या बराच आधी मोडला होता, कारण डबा दुकानाच्या फळीवर असतानाच त्यातला गेम डब्यातून निघून गेला होता. व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम ही सेवा सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांचा ‘हाफ-लाइफ २’ बाजारात आला, तेव्हा दुकानातून डबा घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडून इंटरनेटवरूनच तो गेम ॲक्टिव्हेट करावा लागला. पुढे इतर प्रकाशकांनीही हीच पद्धत उचलली. पूर्वी गेम खेळून झाला की सीडी मित्राला देता येत असे, पेठेतल्या दुसऱ्या मुलाला निम्म्या किमतीत विकता येत असे. आता गेम ॲक्टिव्हेट करण्याचा डब्यातला कोड, म्हणजे ‘की’, एकदा एका खात्यावर चढली की ती त्या खात्याची झाली. उरलेली डिस्क कोणाच्याही कामाची नाही.

असा डबा उघडला की आत डीव्हीडी, एक पातळ माहितीपत्रक आणि त्याच्या मागच्या पानावर चिकटवलेली पांढरी पट्टी असे, जिच्यावर पाच-पाच अक्षरांचे गट छापलेले असत. पैसे मोजले जात ते खरे तर त्या पट्टीसाठी. कागलचा एक मुलगा वडिलांबरोबर येऊन असाच डबा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. “मालक, डीव्हीडी घातली तरी सगळं नेटवरनंच उतरतंय, मग ही डीव्हीडी कशाला दिलीसा?” हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या घरी ब्रॉडबँड होते, पण महिन्याची मर्यादा संपली की वेग ५१२ केबीपीएसवर येत असे, आणि त्या वेगाने १० जीबी उतरवायला सलग सुमारे ४३ तास लागतात. रोख पैसे देऊन घरी नेलेली वस्तू घरी गेल्यावर पुन्हा का मागवावी लागते, हे वडिलांना समजावून सांगणे मला जमले नाही, आणि जमण्यासारखे ते नव्हतेच, कारण तो निर्णय दुकानाचा नव्हता. सील फोडलेले, ‘की’ वापरलेली, त्यामुळे माल परत घेणेही शक्य नव्हते. ग्राहकाचा राग मात्र समोर दिसणाऱ्या माणसावरच निघतो, आणि त्यात ग्राहकाचे काही चुकत नाही.

२०१५ साली या प्रकाराने टोक गाठले. त्या वर्षी ‘मेटल गिअर सॉलिड ५’च्या पीसी आवृत्तीच्या डिस्कवर गेम नव्हताच, फक्त १० एमबीहूनही लहान असा स्टीमचा इन्स्टॉलर होता, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे पूर्ण गेम डिस्कवर द्यायचा ठरवला, त्यांना ‘जीटीए ५’साठी तब्बल ७ डीव्हीडी द्याव्या लागल्या. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी मावतात. ‘बाल्डर्स गेट ३’सारखा आजचा गेम सुमारे १५० जीबी जागा घेतो, म्हणजे तो दोन थरांच्या १८ डीव्हीडींवर द्यावा लागेल. आता मी जुळवतो त्यांपैकी बहुतेक कॅबिनेटना डीव्हीडी ड्राइव्ह बसवायची जागाच नसते, आणि लॅपटॉपमधून तर तो केव्हाच गेला. त्यामुळे नवे डबे मागवलेच, तर त्यांत बहुधा एका कागदावरची की असेल, आणि तीच की ग्राहकाला घरबसल्या मिळते.

आता किमतीकडे येतो. दुकानाच्या डब्यात छपाई, वाहतूक, वितरकाचा वाटा, दुकानाचे भाडे आणि दुकानदाराचे मार्जिन असे सगळे बसवावे लागते. तरीही पहिल्या दिवशीच्या किमतीत दुकान आणि स्टीम यांत फार अंतर नसे, कधी कधी डबा स्वस्तही पडत असे. खरा मार बसतो तो नंतर. स्टीमवर वर्षात चार मोठे हंगामी सेल लागतात आणि वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा गेम निम्म्या किंवा पाव किमतीला मिळू लागतो. दुकानदाराने तोच डबा जुन्या भावाने रोखीत घेतलेला असतो. तो पाव किमतीला विकला तर पदरचे जातात आणि न विकला तर फळीवर धूळ खातो. डिजिटल स्टोअरला साठाच ठेवावा लागत नाही, त्यामुळे भाव पाडताना त्याचे काहीच अडकलेले नसते. राजारामपुरीतले भाडे भरून ही स्पर्धा कोणालाही करता येणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी गेमचा खरा बाजार पायरेटेड डिस्कचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओरिजिनल डबा घेणारा ग्राहक मोजकाच असे. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये असे मत मांडले होते की पायरसी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर मला ते अर्धेच पटते, कारण येथे किंमत ही मोठीच अडचण होती आणि डॉलरमध्ये पैसे भरायला घरात क्रेडिट कार्ड नसे. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि मग यूपीआयने पैसे भरणे सोपे झाले. शिवाय जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावलेल्या दुकानाला याच्याशी बरोबरी करणे अवघड आहे.

गेम तयार करणाऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. स्टीम सर्वसाधारणपणे विक्रीतील ३० टक्के वाटा घेते, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या एपिक गेम्स स्टोअरने तो १२ टक्के ठेवला. ३० टक्के जास्त आहेत असे मलाही वाटते. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम जगभरच्या लोकांपर्यंत पोचला, तो अशा स्टोअरमुळेच. डबे छापून, वितरक शोधून, देशोदेशींच्या दुकानांत फळी मिळवणे त्यांना परवडले नसते. जुनी व्यवस्था मोडली याचे मला वाईट वाटते, तरी तिच्यात अशा लोकांना जागा नव्हती हे मान्य करायला हवे.

इतके सगळे डिजिटलच्या पारड्यात टाकूनही एक गोष्ट मला मनापासून खटकते, आणि ती आपल्या दुकानात येणाऱ्या मुलांना सांगितलीच पाहिजे. डिजिटल स्टोअरवर आपण गेम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये याविषयी कायदा झाल्यावर स्टीम आता पैसे भरण्याच्या पानावरच तसे लिहून सांगते. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला तो गेम खेळता येईनासा झाला, आणि ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांचाही तो बंदच पडला. ‘ॲलन वेक’ हा गेम त्यातील गाण्यांचे हक्क संपल्यामुळे २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला आणि दीड वर्षाने परत आला. वापरलेला डिजिटल गेम पुन्हा विकता यावा यासाठी फ्रान्समधील ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हविरुद्ध दावा लावला, २०१९ मध्ये जिंकला, पण २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. म्हणजे सीडीच्या काळात मुलांना सहज असलेला हक्क आज न्यायालयात जाऊनही मिळालेला नाही. म्हणून जो गेम कायम जवळ ठेवावासा वाटतो, तो जीओजी या स्टोअरवर मिळत असेल तर तेथून घ्यावा असे मी सर्वांना सांगतो. २००८ पासून चालणारे हे स्टोअर कुलूप नसलेले गेम देते. त्याचा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे खाते किंवा इंटरनेट लागत नाही. जुन्या डब्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आज हीच आहे.

मग दुकानाने काय करावे? ज्या ठिकाणी डिजिटल स्टोअर पोचत नाही तेथे उभे राहावे. शहरात १०० एमबीपीएसच्या फायबरवर १०० जीबीचा गेम सव्वादोन तासांत उतरतो, पण ज्या गावात फायबर नाही आणि मोबाइलवर दिवसाला २ जीबी मिळतात, तेथे त्याच गेमला पन्नास दिवस लागतील. गगनबावड्याकडून किंवा राधानगरीकडून येणाऱ्या मुलाला दुकानाच्या जोडणीवर स्वतःच्या लॅपटॉपमध्ये, स्वतःच्या खात्यातून गेम उतरवून देणे ही विकण्याजोगी सेवा आहे आणि तिचे रीतसर शुल्क घ्यावे. लॉगिन ग्राहकाने स्वतःच्या मोबाइलवरून क्यूआर स्कॅन करून करावे. पासवर्ड दुकानातल्या वहीत कधीही लिहून घेऊ नये. एकाच खात्याचा गेम अनेकांना कॉपी करून देण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. कॅफे काढायचा विचार असेल तर व्हॉल्व्हची पीसी कॅफेसाठी वेगळी परवाना योजना आहे, घरगुती खात्यावर तो धंदा चालवता येत नाही.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. ‘हा गेम माझ्या पीसीवर चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर वेबसाइटवरच्या तक्त्यात असते, पण ते वाचून रॅम वाढवावी की ग्राफिक्स कार्ड बदलावे हे पालकांना ठरवता येत नाही. माझ्या पाहण्यातला गेमिंगचा सगळा नफा येथेच आहे: एसएसडी, रॅम, कार्ड, कंट्रोलर, हेडफोन. मुलगा गेमसाठी स्टीमला पैसे देईल, पण तो चालावा म्हणून त्याच्या कितीतरी पट पैसे दुकानात मोजेल.

डिस्कचा कप्पा ठेवायचाच असेल तर प्लेस्टेशन या गेमिंग कन्सोलचा ठेवावा. तेथे अजून बहुतेक गेमची डिस्क हाच परवाना असतो, त्यामुळे सेकंडहँड घेणे-देणे चालते आणि दुकानाला त्यात मार्जिन राहते. फार साठा मात्र करू नये, कारण निन्टेन्डोने २०२५ मध्ये स्विच २ या आपल्या कन्सोलबरोबर आणलेल्या काही कार्डांत गेम नसतोच, तो उतरवावा लागतो. कन्सोलची वाटचालही त्याच दिशेने दिसते.

राहिले जुने सीलबंद डबे. प्रत्येक डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. इंटरनेट ॲक्टिव्हेशन आवश्यक असे लिहिले असेल तर ती सेवा आजही चालू आहे का ते आधी पाहा. बंद असेल तर तो गेम म्हणून विकू नका. स्टीमची की असलेले डबे बहुधा आजही चालतील, फक्त स्टीमवरचा सध्याचा भाव पाहून त्याहून थोडा कमी भाव लावा. सेफडिस्क किंवा सेक्युरॉमची जुनी आवृत्ती हे कॉपी रोखणारे संरक्षण असलेल्या जुन्या डिस्क विंडोज १० पासून पुढे चालत नाहीत, कारण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच त्यांचा आधार काढून टाकला. असा डबा ज्याच्याकडे जुने मशीन आहे किंवा जो संग्रह म्हणून घेतो आहे त्यालाच द्यावा आणि बिलावर तसे स्पष्ट लिहावे. या सगळ्यातून गाळून जे उरतील, ते खालच्या कप्प्यात न ठेवता काउंटरवर मांडा, नवे गेमिंग पीसी घेणाऱ्याला त्यांतला एक द्या, आणि मोकळ्या झालेल्या फळीवर कंट्रोलर लावा.