पत्नीसाठी छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसजवळ राहता, पत्नी रात्री उशिरा दुकान बंद करून एकटी गाडीने घरी येते आणि बंदुकीच्या दुकानात तुम्हाला स्मिथ अँड वेसनचं 642 सुचवलंय. घ्या, पण वहिनींनी स्वतः नेमबाजीच्या रेंजवर चालवून पाहिल्यावरच. तुम्ही पसंत करून वाढदिवसाला द्यायची ही वस्तू नव्हे.

मी ह्यूस्टनला असते. माझ्याकडे हेच 642 आहे, सहा वर्षं झाली. तेव्हा काउंटरमागच्या माणसाने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसरं काही न दाखवता हेच काढून ठेवलं. म्हणे, बायकांना हेच बरं पडतं. हातात घेतलं आणि मला मोहच पडला. सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीहून हलकं. घोडा आत झाकलेला, त्यामुळे पर्समधून काढताना कुठे अडकत नाही. लगेच घेऊन टाकलं.

पुढच्या शनिवारी रेंजवर गेले. कागद सात यार्डांवर, म्हणजे आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाचातल्या दोन लागल्या, बाकीच्या तीन कुठे गेल्या देव जाणे. अंगठा आणि तर्जनीमधली जागा लाल झाली. त्या रात्री कणीक नवऱ्याने मळली.

हलकेपणाचा खरा हिशोब तेव्हा कळला. गोळीचा धक्का तेवढाच असतो; बंदूक जड असली की ती थोडा खाते, हलकी असली की सगळा तुमच्या हातात येतो. त्यात या मुठीवर जेमतेम दोन बोटं मावतात, करंगळी खाली लोंबकळते. आणि चापाचं तर कुणी सांगतच नाही. तो ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो, म्हणजे बंदुकीच्या वजनाच्या दहापटीहून जास्त. तेवढा जोर एका बोटाने लावताना नळी हलणारच. नळी दोन इंचांपेक्षाही आखूड, नेम धरायला वर नुसती एक खाच. म्हणून मुरलेले नेमबाज या बंदुकांना तज्ज्ञांची बंदूक म्हणतात, आणि दुकानदार नेमकी तीच नवशिक्यांच्या हातात देतात! मला अजून याचा राग येतो.

रुगरचं एलसीआरही वहिनींना दाखवा. ते 2009 मध्ये आलं, .38 स्पेशल या काडतुसासाठीचं पावणेचारशे ग्रॅमच्या थोडंसं वर, गोळ्या पाचच. चाप माझ्या बोटाला जास्त गुळगुळीत वाटला, आणि मुठीचं रबर मागूनही गुंडाळलेलं असल्यामुळे तळहातात धातू रुतत नाही. आज घ्यायचं झालं तर मी हेच घेईन. त्याहून हलक्याच्या नादी मात्र लागू नका. स्मिथ अँड वेसनचं 340पीडी नावाचं, .357 मॅग्नम या जास्त जोरकस काडतुसाचं रिव्हॉल्व्हर एका मैत्रिणीकडे आहे, साडेतीनशे ग्रॅमच्याही आतलं. मी एकच गोळी झाडली आणि परत दिलं. त्यावर 120 ग्रेनपेक्षा (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलंच असतं, कारण तसल्या हलक्या मॅग्नम गोळ्यांनी टायटॅनियमचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचा फिरता भाग, लवकर झिजू शकतो.

गोळ्या 148 ग्रेनच्या वॉडकटर घ्या. सपाट तोंडाच्या, सौम्य. माझा नेम सुधारला तो यांनी आणि रोज रात्रीच्या दहा मिनिटांनी. बंदूक दोनदा उघडून रिकामी आहे ना ते बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडरमध्ये प्लॅस्टिकची खोटी काडतुसं घालायची, नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि जाड भिंतीकडे तोंड करून ते न पाडता चाप ओढायचा. पहिला आठवडा मी नाणी वेचण्यातच घालवला.

पर्समध्ये ठेवणार असतील तर होल्स्टरमध्ये, म्हणजे चाप झाकणाऱ्या म्यानात, आणि त्या कप्प्यात दुसरं काही म्हणजे काहीच नको. लिपस्टिक किंवा पेन चापात अडकून गोळी सुटू शकते. घरात मुलं असतील तर कुलपाची पेटी आधी घ्या. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तो गुन्हा आहे.

आणखी एक, आपल्या लोकांपैकी बरेच जण इथे फसतात. 2021 पासून टेक्ससमध्ये परवान्याशिवाय बंदूक बाळगता येते हे खरं, पण एच-1बी किंवा एच-4 व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने एरवी बंदूक घेताच येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

शनिवारी भाड्याने बंदुका देणाऱ्या रेंजवर जा. 642, एलसीआर आणि सोबत स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझेड .380 मागा. ते पिस्तूल आहे, सव्वापाचशे ग्रॅमचं, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला मुद्दाम सोपी केलेली. प्रत्येकातून पन्नास गोळ्या वहिनींना झाडू द्या. पन्नासाव्यानंतरही जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात ज्याच्या पाच बसतील, तेच घ्या. आणि काउंटरपाशी तुम्ही जरा मागेच उभे राहा.