बालवाडीत लेखन शिकवताना मोबाईल आणि पाटी यांची सांगड कशी घालावी?

माझ्या मते पडद्याचे काम दाखवण्यापुरतेच ठेवावे आणि लिहिणे मात्र पाटी, वाळू व कागदावरच व्हावे, कारण काचेवर बोट फिरवून पेन्सिलीची पकड येत नाही. ‘ग’ शिकवायचा असेल तर आधी गाठ, मग उभी रेघ आणि शेवटी शिरोरेषा हा क्रम छोट्या चित्रफितीत सावकाश दाखवावा, मोबाईल बाजूला ठेवावा आणि मुलांना तोच आकार वाळूत गिरवू द्यावा. न, म ही उभ्या रेघेची अक्षरे त्यानंतर सोपी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, तीही पाळली जावी.

आपल्या मराठवाड्यात, विशेषतः बीडकडे, या पद्धतीचा खरा उपयोग ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील लेकरांना होऊ शकतो. बालवाडीच्या ताईंनी चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी आणि पालकांनी कोपीसमोरच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोरच्या, मातीत अक्षर गिरवणाऱ्या मुलाची चित्रफीत परत पाठवावी. केवळ फोटो मागवू नये, कारण हात कुठून कुठे गेला हे फोटोत दिसत नाही. आई-वडील पहाटेच फडात जातात, त्यामुळे उत्तर रात्री उशिरा येईल, हे गृहीत धरावे.